कम्युनिटी कॉलेजचा सोलर-इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा बंद पडू द्यायचा नाहीये, काय करता येईल?

तालुक्याचा_मास्तर

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, पण विषयच तसा आहे, शेवटपर्यंत वाचून सांगा.

मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी सिनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. यूजीसीने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, म्हणजे कॉलेजातच हाताच्या कामाचे छोटे कोर्स, त्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडे पण एक वर्षाचा डिप्लोमा सुरू झाला, सोलर आणि इलेक्ट्रॉनिक रिपेअरिंगचा. वर्षाचे ६० क्रेडिट, त्यातले ३६ स्किलचे म्हणजे हाताने करायचे आणि २४ भाषा, कॉम्प्युटर, हिशेब वगैरे. नेहमीच्या डिग्रीच्या बरोबर उलटं, वर्कशॉप जास्त आणि फळा कमी. ग्रँट होती तोपर्यंत पॅनल आले, इन्व्हर्टर आले, सोल्डरिंग स्टेशन आली, एक चांगला डीएसओ (सिग्नलचा आलेख दाखवणारा डिजिटल ऑसिलोस्कोप) पण घेतला. ग्रँट ठराविक मुदतीचीच होती, ती संपली. पहिल्या बॅचला ३८ पोरं होती, यंदा ११ आहेत.

आमचा जो मेन इन्स्ट्रक्टर होता, पोरांचा जीव होता त्याच्यावर, तो गेल्या दिवाळीनंतर पुण्याला सोलरच्या कामाला गेला. त्याला दोष देणार नाही, तासिका तत्त्वावर माणूस किती वर्षं काढणार, उन्हाळ्यात तर हातात एक रुपया येत नाही. आता नुकताच बीएस्सी झालेला मुलगा घेतलाय, प्रामाणिक आहे, मेहनती आहे, पण स्वतः कधी छतावर स्ट्रक्चर उभं केलेलं नाही. आणि संस्थेच्या मिटींगमध्ये विषय निघाला की ११ पोरांसाठी एवढी मोठी खोली कशाला अडवायची.

मला हे का टिकवायचंय ते सांगतो. मागच्या बॅचला एक मुलगी होती, बारावी सायन्सला दोन विषय राहिलेले, घरचे तालुक्याबाहेर पाठवायला तयार नाहीत. मे महिन्यात तिच्या चुलत्याच्या शेतातला सोलर पंप भर उन्हात मधेच बंद पडायचा, परत चालू व्हायचा. सगळे म्हणाले कंट्रोलर गेला. हिने आधी डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडून येणारी वीज तोडायचा स्विच, बंद केला, मग एकेका पॅनलचं व्होल्टेज मीटरवर घेऊन वहीत लिहिलं, सगळे जवळजवळ सारखे आले, मग केबलच्या कडेकडेने बघत गेली तर एका जॉइंटचं प्लास्टिक काळपट पडून वितळलेलं. एमसी४ कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या केबल जोडायचा प्लग, कोणीतरी क्रिंपिंग टूल (तारेवर टर्मिनल दाबून बसवायचं हत्यार) न वापरता साध्या पकडीने दाबून बसवलेला. फोटो काढून कंपनीला पाठवला, त्यांचा माणूस येऊन बदलून गेला, पंप सुरळीत. तिच्या वडिलांचा मला रात्री फोन आला, बोलता येईना त्यांना, एवढंच म्हणाले की सर, पोरगी बरोबर होती.

ही मुलगी आमच्या बीएस्सीच्या वर्गात आली असती तर तिसऱ्या बाकावर बसून गप्प राहिली असती. म्हणून विचारतोय. ज्यांनी असे कोर्स चालवलेत, किंवा अशी पोरं कामावर घेता, त्यांनी मोकळेपणाने सांगा, पहिलं काय धरू?

---

पक्कड_पाना

सर, मी आयटीआयमधून निदेशक म्हणून रिटायर झालो, इलेक्ट्रिशियन ट्रेड, आयुष्य त्यातच गेलं. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आधी एक विचारतो, राग मानू नका. तो डीएसओ गेल्या वर्षभरात कपाटाबाहेर किती वेळा आला? मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय, चांगली उपकरणं कुलपात आणि पोरं फळ्यावरच्या आकृत्या उतरवतायत. कारण एकच, डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. वस्तू ज्याच्या नावावर आहे त्याला भीती की मोडली तर भरून कोण देणार, म्हणून तो किल्ली खिशात ठेवतो. यावर उपाय आहे, प्राचार्यांकडून लेखी घ्या की शिकताना मोडलेली हत्यारं ही झीज धरली जाईल आणि दरवर्षी मार्चच्या आधी समिती बसून निर्लेखन करेल, म्हणजे त्या वस्तू रजिस्टरमधून कमी करेल. हा एक कागद झाला की कपाट उघडतं.

दुसरं म्हणजे भारी एक उपकरण घेण्यापेक्षा साधे बारा मल्टिमीटर, सहा क्रिंपिंग टूल आणि दोन मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) घ्या. एका मीटरभोवती आठ पोरं उभी राहिली की दोघं शिकतात, सहा बघतात, आणि बघून हात बसत नाही. आणि बजेटमध्ये कच्च्या मालाचा वेगळा हेड पाहिजेच, वायर, लग, फ्यूज, सोल्डर, फ्लक्स, कनेक्टर, हे संपणारच, संपलं तरच शिकवणं चाललंय असं समजायचं. आमच्याकडे पोराने केलेल्या कामाला जॉब म्हणतात. पहिल्या आठवड्यात एक्स्टेन्शन बोर्ड, मग जिन्याचं वायरिंग, मग बंद पडलेला एलईडी बल्ब उघडून ड्रायव्हर बदलणं, मग सोलरकडे या. थेट पॅनलवर नेऊ नका. ज्याला स्क्रू टर्मिनल घट्ट आवळता येत नाही त्याच्या हातात तीनचारशे व्होल्ट डीसी देणं बरोबर नाही.

आणि तो नवीन मुलगा, त्याला नाव ठेवू नका, त्याला उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत एखाद्या इन्स्टॉलरबरोबर महिनाभर साईटवर पाठवा. जेवणखाण, प्रवास कॉलेजने द्यावा. महिन्यात त्याचा आवाज बदलेल बघा.

---

बीव्होकवाली_ताई

काकांचं म्हणणं पटतंय, पण मी क्रम उलटा लावेन. हत्यारं नंतर, आधी माणसाचा पगार.

मी पश्चिम महाराष्ट्रात एका कॉलेजात बी.व्होक.ची, म्हणजे कौशल्याच्या डिग्री कोर्सची, कोऑर्डिनेटर होते सहा वर्षं. आमचे दोन कोर्स होते, एक टिकला एक बंद पडला, आणि मी रात्र रात्र विचार केलाय की फरक काय होता. खोली तीच, प्राचार्य तेच, विद्यापीठ तेच. फरक एवढाच की टिकला त्या कोर्सचा इन्स्ट्रक्टर बारा महिन्यांच्या ठोक मानधनावर होता आणि बंद पडला तिथे चार वर्षांत पाच माणसं बदलली. दरवेळी नवीन माणूस येणार, त्याला आधीचं काही माहीत नाही, दुकानदार ओळखत नाहीत, कंपनीवाले फोन उचलत नाहीत. सर, तुमचे सगळे संबंध त्या इन्स्ट्रक्टरच्या मोबाईलमध्ये होते ना? ते त्याच्याबरोबर गेले. आता पहिलं काम, एक साधी वही करा, कोण कोण इन्स्टॉलर, कोणत्या पोराला कोणी कामाला घेतलं, कोणाशी शेवटचं कधी बोललो, आणि ती वही कॉलेजची राहू दे.

बारा महिन्यांचे पैसे कुठून आणायचे तर आम्ही असं केलं, डिप्लोमा सकाळी आणि त्याच खोलीत संध्याकाळी आणि रविवारी लहान बॅच. दोन महिन्यांची हाऊस वायरिंगची, मोबाईल रिपेअरिंगची, सीसीटीव्हीची. त्यात गावातले आधीच काम करणारे लोकच येतात, त्यांना कागद पण पाहिजे असतो आणि ज्या दोन गोष्टी अडतात त्या शिकून घ्यायच्या असतात. डिप्लोमाच्या पोरांकडून जास्त फी घेऊ नका, ती देऊ शकत नाहीत, पण दुकान असलेला माणूस देतो. फक्त हे पैसे कॉलेजच्या जनरल खात्यात जाऊ देऊ नका. कोर्सचा वेगळा हेड उघडा, नाहीतर त्याच पैशांतून गॅदरिंगचा मांडव उभा राहील आणि तुमचा इन्स्ट्रक्टर पुन्हा दिवाळीत जाईल.

आता ऍडमिशनचं. ३८ वरून ११ का झाले हे तुम्ही लिहिलं नाही. आमच्याकडे पालकांचा एकच प्रश्न असायचा, पुढे काय? एक वर्षाचा डिप्लोमा केला आणि रस्ता संपला असं वाटलं की ते पोराला सरळ बीएला घालतात. योजनेचा मूळ विचारच असा की एक वर्षाला डिप्लोमा, दोन वर्षांना ऍडव्हान्स डिप्लोमा, तीन वर्षांना बी.व्होक. डिग्री, साठ साठ करून १८० क्रेडिट, मधे बाहेर पडून काम करून परत येता यावं. तुमच्या पोरांचे ६० क्रेडिट जवळच्या कोणत्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला धरले जातात ते विद्यापीठातून लेखी आणा, क्रेडिट अकॅडमिक बँकेत (पोराच्या क्रेडिटचं ऑनलाइन खातं) जमा होतायत ना ते बघा, आणि ते पत्र माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापा. आणि शिष्यवृत्ती. महाडीबीटीवर तुमचा कोर्स दिसतो का ते ऍडमिशन सुरू व्हायच्या आधी तपासा, जूनमध्ये नाही, फेब्रुवारीत. पोरगं ऍडमिशन घेतं आणि ऑगस्टमध्ये कळतं की कोर्सचं नाव यादीत नाही, मग ते सप्टेंबरला येत नाही. आमचा बंद पडलेला कोर्स निम्मा याच कारणाने गेला, मला आजही त्या पोरांची तोंडं आठवतात.

सिलॅबसबद्दल एक छोटी गोष्ट. बोर्ड ऑफ स्टडीजकडे (अभ्यासक्रम मंजूर करणारं मंडळ) पाठवताना मॉडेल नंबर, व्हर्जन असलं काही लिहू नका. "इन्व्हर्टरचे प्रकार व जोडणी" असं मोघम लिहा म्हणजे तंत्रज्ञान बदललं तरी दरवेळी मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. प्रॅक्टिकलची यादी मात्र दरवर्षी बदला.

---

शेतातला_फॅबलॅब

ताई, "गावातले काम करणारे लोक" हा मुद्दा फार महत्त्वाचा, त्यावर जरा थांबतो.

मी पाबळच्या विज्ञान आश्रमात एक वर्ष राहून शिकलोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शिरूर तालुक्यात पाबळ आहे, तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये हे सुरू केलं, शाळा सुटलेल्या खेड्यातल्या पोरांसाठी. वेल्डिंग, वायरिंग, शेती, जनावरं, अन्नप्रक्रिया, सगळं हाताने. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनींनी वस्तू बनवायची कार्यशाळा, ज्या गावात आली ते हे पाबळ. चाळीसएक वर्षं झाली, चालू आहे. मी बऱ्याच लोकांना सांगतो की तिथे जाऊन मशिनं बघू नका, कामाची पद्धत बघा.

पद्धत अशी की सरावासाठी खोटा जॉब करून तो भंगारात टाकायचा नाही, गावाला लागणारी वस्तू करायची. गेट पाहिजे, गेट करा. कोणाची मोटर, कोणाच्या शाळेचं वायरिंग. समोर खरा गिऱ्हाईक उभा आहे म्हटल्यावर पोराला माप चुकवता येत नाही, आणि मालाचे पैसे सुटतात. त्यांचा शाळांसाठी जो मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आहे त्यात पण शिकवायला गावातलाच कारागीर, उद्योजक घेतात. त्याला त्याचा धंदा सोडावा लागत नाही, आठवड्याचे एक-दोन दिवस शिकवतो. सर, तुमचा मेन माणूस पुण्याला गेला कारण तुम्ही त्याच्याकडे पूर्णवेळ मास्तर म्हणून बघितलं आणि अर्धवेळचे पैसे दिले. ताई म्हणतात तसा एक बारमाही माणूस ठेवा आणि त्याच्या जोडीला तालुक्यातले तीन कारागीर आठवड्यातून एकेक दिवस. मोटर रिवाइंडिंगवाला, इन्व्हर्टर दुरुस्तीवाला, वायरमन. यातला एक गेला तरी कोर्स पडत नाही.

काकांना एक म्हणेन, जिन्याचं वायरिंग बोर्डावर जरूर शिकवा पण महिन्याभरात खऱ्या घरात न्या. तुमच्या कॉलेजातच किती पंखे, ट्यूब बंद असतील. दर शनिवारी दुपारी रिपेअर डे ठेवा, गावाने बंद वस्तू आणाव्यात, मिक्सर, इस्त्री, बल्ब, फवारणीच्या पंपाचे चार्जर. थोडे पैसे घ्या, फुकट नको, फुकटात लोक भंगार आणून टाकतात.

---

इलिनॉयहून

मी मूळची नाशिकची, इथे एका कम्युनिटी कॉलेजमध्ये नेटवर्किंग शिकवते. इथली तुलना जपून करायला हवी कारण इथल्या बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांना स्थानिक मालमत्ता करातून हिस्सा मिळतो, तुमच्याकडे तसं नाही. १९०१ पासूनची परंपरा आहे, आमच्याच राज्यातलं जॉलिएट हे पहिलं पब्लिक कम्युनिटी कॉलेज. पण ग्रँट संपल्यावर कोर्स मरतो हे दुखणं इथे पण अगदी तसंच आहे. १९९२ च्या कायद्यानंतर नॅशनल सायन्स फाउंडेशनने दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या तंत्रज्ञ शिक्षणासाठी एटीई नावाचा ग्रँट कार्यक्रम सुरू केला, आणि त्यात प्रस्ताव लिहितानाच विचारतात की पैसे थांबल्यावर हे काम कसं चालू राहील.

मला सर्वात उपयोगी पडलेली एक पद्धत सांगते, टेक्सासमधल्या कॉलिन कॉलेजच्या लोकांनी ती पसरवली, तिला बीआयएलटी (बिझनेस अँड इंडस्ट्री लीडरशिप टीम) म्हणतात. सल्लागार समिती सगळीकडेच असते, वर्षातून एकदा जमतात, चहा होतो, "पोरांचं कम्युनिकेशन सुधारा" म्हणतात आणि जातात. इथे तसं नाही. कोर्समध्ये शिकवतो त्या प्रत्येक कौशल्याची यादी मालक लोकांपुढे ठेवायची आणि प्रत्येकाने एकेका ओळीला मत द्यायचं, येत्या एक ते तीन वर्षांत नवीन माणसाला हे किती लागेल. ज्याला मतं कमी ते कमी करायचं किंवा काढायचं. आणि पुढच्या मिटींगला आपण काय बदललं, काय बदललं नाही आणि का, हे त्यांना परत सांगायचं. हे परत सांगणं फार कामाचं. त्यांनी सांगितलेलं वर्गात उतरलेलं दिसलं की ते पुढच्या वेळी स्वतःहून येतात, इंटर्नशिप देतात, जुनं सामान देतात, आणि मॅनेजमेंटने खोली मागितली तर ते तुमच्या बाजूने बोलतात. आमच्याकडे पहिल्या वेळी सहाच लोक आले होते, त्यांनी माझ्या आवडीचे दोन विषय खाली ढकलले, मला वाईट वाटलं, पण ते बरोबर होते.

तुमच्या तालुक्यात चार इन्स्टॉलर, एक वायरमन, एक महावितरणचा निवृत्त माणूस आणि एक पंप दुकानदार एवढे पुरे आहेत.

---

छतावरचा_माणूस

मी छत्रपती संभाजीनगरला छोटी सोलर फर्म चालवतो, आम्ही नऊ जण आहोत. २०२४ च्या फेब्रुवारीत घराच्या छतावरच्या सोलरची पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, तेव्हापासून आमच्याकडे काम आहे आणि माणूस नाही, खरं सांगतो. दुसरीकडे मागेल त्याला सौर कृषीपंपमधले पंप गावोगाव उभे राहतायत, शेतकऱ्याला जास्तीत जास्त दहा टक्के भरायचे, म्हणून संख्या वाढणारच. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी संपली की ते सगळे पंप कोण बघणार? तुमचीच पोरं. मास्तर, तुमच्या कोर्सचं खरं गिऱ्हाईक आत्ता तयार होतंय आणि तुम्ही खोली सोडायच्या गोष्टी करताय, नका सोडू.

त्या मुलीने फोटो काढून कंपनीला पाठवला हे सगळ्यात बरोबर केलं. हमीतल्या सिस्टीमला परस्पर हात लावला तर शेतकऱ्याची हमी अडचणीत येते, हे पोरांना पहिल्याच दिवशी शिकवा. आणि आयसोलेटर आधी बंद केला हे वाचून मला तिला आजच कामावर घ्यावंसं वाटलं. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो म्हणून ठिणगी विझायला वाव असतो, डीसीला तसं नाही, चालू लोडवर कनेक्टर ओढला की आर्क पेटतो तो पेटलेलाच राहतो. माझ्याकडे आलेल्या दोन डिग्रीवाल्यांना हे माहीत नव्हतं.

मला काय लागतं ते सांगतो, इलिनॉयच्या ताई म्हणतात तशी यादी करणार असाल तर लिहून घ्या. उंचीवर बेल्ट लावून काम करणं, बेल्ट कुठे अडकवायचा हे कळणं. अर्थिंग घेऊन त्याचा रेझिस्टन्स मोजणं. क्रिंपिंग. आणि कागद, हो कागद. नेट मीटरिंगचा (ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा होण्याचा) अर्ज भरणं, साईटचे फोटो ठरलेल्या पद्धतीने काढणं, सिरियल नंबर न चुकवता लिहिणं. माझे निम्मे पैसे यात अडकतात. तुमचे ते २४ क्रेडिट आहेत ना जनरलचे, त्यात निबंध घेण्यापेक्षा हे घ्या.

अप्रेंटिस म्हणून द्या मला दोघं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, माझ्यासारख्या चार ते एकोणतीसवाल्यांना ऐच्छिक आहे, पण घेता येतात. नॅप्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेतून स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला १५०० पर्यंत, सरकार देतं. माझ्यासारखे बरेच जण पोर्टलच्या रजिस्ट्रेशनला घाबरून घेत नाहीत. कॉलेजने एखाद्या क्लार्कला ते शिकवून आमचं रजिस्ट्रेशन करून दिलं तर तुमची अकरा काय, वीस पोरं लागतील.

---

तालुक्याचा_मास्तर

सगळ्यांना मनापासून नमस्कार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काका, डीएसओ वर्षभरात दोनदा बाहेर आला, दोन्ही वेळा पाहुणे आले म्हणून. तुम्ही विचारल्यावर मी रजिस्टर काढून बघितलं. प्राचार्यांशी आज बोललो, निर्लेखनाचा कागद ते द्यायला तयार आहेत, आश्चर्य म्हणजे त्यांना स्वतःला पण ते कुलूप खटकत होतं, कोणी विचारलंच नव्हतं.

ताई, ऍडमिशन कमी होण्याचं कारण तुम्ही म्हणता तेच निघालं. सोडून गेलेल्या नऊ पोरांना फोन लावले, सहा जण म्हणाले शिष्यवृत्तीचं कळेना म्हणून बीएला गेलो. क्रेडिटच्या पत्रासाठी सोमवारी विद्यापीठात जातोय. बारा महिन्यांच्या मानधनावर संस्था लगेच हो म्हणणार नाही, पण संध्याकाळची बॅच चालवून सहा महिने हिशेब दाखवा मग बघू, एवढं त्यांनी कबूल केलंय, आणि खोली मार्चपर्यंत आमच्याकडे राहील. वेगळ्या हेडचं मी लेखी मागितलंय.

पाबळला नवीन मुलाला घेऊन जाणार आहे. रिवाइंडिंगवाले एक चाचा आहेत बसस्टँडजवळ, त्यांना विचारलं, आधी म्हणाले मी सातवी शिकलेला, कॉलेजात काय शिकवणार. मी म्हटलं तुम्ही फक्त एक जळालेली मोटर घेऊन या आणि नेहमीसारखी उघडा, आम्ही बघतो. गुरुवारी येतायत.

छतावरच्या दादा, तुम्हाला मेसेज केलाय. आणि त्या मुलीला तुमचं वाचून दाखवलं. ती म्हणाली सर, अर्थिंगचा रेझिस्टन्स आपण एकदाच मोजला होता, तो परत घ्या, मला नीट आलेला नाही. तर शनिवारी कॉलेजच्या मागच्या अर्थिंग पिटपाशी आम्ही बारा जण मीटर घेऊन बसतोय, काका, जमलं तर व्हिडिओ कॉलवर या.

---

पक्कड_पाना

येतो. किती वाजता ते कळवा, आणि पिटमध्ये आदल्या दिवशी पाणी ओतू नका, रोजच्या स्थितीतलं रीडिंग पाहिजे.